तहान भागते, माणूसही भागतो

वैशाखातली दुपार. म्हसवडहून दहिवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठेही उतरा आणि लांब दिसणाऱ्या एखाद्या वस्तीपर्यंत चालत जा. बांधावर चार बाभळी, एखादं बोरीचं झुडूप, बाकी सगळं उघडं रान. दारात पोचलात की तुमचं नाव कुणी विचारणार नाही, गावही विचारणार नाही. आधी घरातली म्हातारी पाण्यानं भरलेला तांब्या पुढे करील. दोन घोट पोटात गेले, की मग प्रश्न येईल, "लई दमलासा वाटतं?"

हा क्रम नीट बघा. आधी पाणी, मग दमण्याची चौकशी. माणदेशात हा साधा रिवाज आहे. पण या रिवाजाचा धागा धरून मागे मागे गेलात, तर तुम्ही थेट बायबलच्या हिब्रू भाषेत जाऊन पोचता.

त्या भाषेत थकलेल्या माणसासाठी एक शब्द आहे, आयेफ. उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव नावाचा शिकारी रानातून घरी येतो तो आयेफ होऊन. इतका, की मसुरीच्या कालवणासाठी तो थोरलेपणाचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकतो. इथवर सरळ आहे. पण हाच शब्द स्तोत्रांच्या पुस्तकात, त्रेसष्टाव्या स्तोत्रात पुन्हा भेटतो, आणि तिथे तो चक्क जमिनीला लावलेला असतो. पाण्यावाचून पडलेली, आयेफ झालेली जमीन!

जमीन कशी थकेल? तिनं कुठे ओझं वाहिलं, कुठे डोंगर चढला? उत्तर असं, की आयेफ या एकाच शब्दात थकलेला आणि तहानलेला, दोन्ही अर्थ नांदतात. तो शब्द वापरणाऱ्या लोकांना ही दोन दुखणी वेगळी वाटतच नव्हती. यशयाच्या पुस्तकातही अशाच जमिनीवर पडणाऱ्या मोठ्या खडकाच्या सावलीचा उल्लेख आहे, आणि 1611 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्या जमिनीला सरळ 'थकलेली' म्हटलं आहे. हिरव्यागार, ओल्या इंग्लंडमधल्या वाचकाला ती कल्पना नवलाची वाटली असेल. माणमधल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागेल का?

आता नकाशा उघडा, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. त्रेसष्टाव्या स्तोत्राच्या मथळ्यात जागा दिली आहे, यहुदाचं वाळवंट. तिथे पश्चिमेच्या समुद्रावरून ओले वारे येतात, वाटेत यहुदाचे डोंगर त्यांना वर ढकलतात, आणि पाऊस डोंगराच्या अलीकडेच पडून जातो. पलीकडे उरते कोरडी हवा. आपल्याकडे काय होतं? पश्चिमेच्या समुद्रावरून ओले वारे येतात, सह्याद्री त्यांना वर ढकलतो, आणि महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला असलेल्या माण तालुक्याच्या वाट्याला येतात पाचशेच्या आसपास. तिथला पाऊस हिवाळ्यातला, आपला पावसाळ्यातला, एवढाच काय तो फरक. हजारो मैलांवरच्या दोन जमिनी एकाच कारणानं तहानलेल्या आहेत. दोन्ही पर्जन्यछायेत बसल्या आहेत.

त्या हिब्रू बोलणाऱ्या लोकांनी जमिनीचा थकवा इतका मनावर घेतला, की तिला सुट्टी देण्याचा नियमच केला. सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी रान मोकळं सोडायचं. आपले शेतकरी 'रान पड टाकलं' म्हणतात तेव्हा त्यांच्याही मनात हीच जाण असते, की कस गेलेल्या मातीला विसावा हवा.

हिब्रूमध्ये थकव्याचे आणखीही शब्द आहेत. यागा म्हणजे राबून राबून थकणं. याएफ म्हणजे त्राण जाऊन गळणं. हा आयेफचाच सख्खा भाऊ. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी हे दोन शब्द जोडीनं फिरून फिरून येतात, आपल्याकडे 'थकला-भागला' ही जोडी येते तसे.

आता जरा आपल्याच जोडीकडे वळू. रोज तोंडात असलेले हे दोन शब्द कधी उघडून पाहिलेत?

थकणे हा शब्द प्राकृतातल्या 'थक्क' या धातूतून आला. त्याचा अर्थ थांबणे, जागच्या जागी उभं राहणे. आश्चर्यानं माणूस थक्क होतो तो याच अर्थानं. म्हणजे थकला तो ज्याची चाल थांबली. म्हणूनच सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकतो, वीजबिल थकतं, आणि दोन्हींची थकबाकी होते. पैशाचे पाय दुखत नाहीत, पण त्याची चाल मात्र थांबते. 'आजी आता थकली' असं आपण म्हणतो तेव्हा ती आज दमली असं कुणी समजत नाही. तिची चाल मंदावली, वय झालं, हे न सांगता कळतं. दिवसाचा शिणवटा, म्हातारपण आणि बुडीत चाललेलं कर्ज, तिन्ही एका क्रियापदात!

आणि भागणे? अभ्यासक त्याचा माग संस्कृतातल्या 'भग्न' शब्दापर्यंत काढतात. भागला म्हणजे मोडला. अंग मोडून आलं, कंबर मोडली, असं आपण बोलतो ती हीच कल्पना. आता ग्रीककडे बघा. नव्या करारात थकव्यासाठी येणारा नेहमीचा शब्द आहे कोपोस. तो निघाला कोप्तो या क्रियापदापासून, आणि कोप्तो म्हणजे हाणणे, घाव घालणे. ग्रीक माणसाच्या लेखी थकवा म्हणजे दिवसानं घातलेले घाव. खुरपून घरी आलेली बाई 'अंग ठेचल्यागत झालंय' म्हणते, तेव्हा ती ग्रीकचा एक धडा न शिकताच गिरवत असते. ग्रीकमध्ये दुसराही एक शब्द आहे, एक्लुओ, म्हणजे सैल सुटणे. गाठ सुटावी, ताणलेली दोरी ढिली पडावी, तसा माणूस. आपण त्याला गळून जाणं म्हणतो.

इंग्रजीही मागे नाही. 'वेअरी' या शब्दाचं नातं भटकणं, झोकांड्या खाणं या अर्थाच्या जुन्या शब्दाशी जोडतात. चाऱ्यामागे मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने मुलूख तुडवणाऱ्या मेंढपाळाला तो नेमका बसतो. 'एक्झॉस्टेड' हा शब्द तर लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ आहे पाणी उपसून काढलेला. विहिरीवर मोट किंवा मोटार लावून तळ दिसेपर्यंत पाणी काढावं, तसा रिकामा झालेला माणूस.

आणि मराठी काय म्हणते? 'तिनं जन्मभर कष्ट उपसले.' काढले, केले असंही म्हणते, पण सगळ्यांत बोलका शब्द हाच. उपसले! विहीर उपसायची आणि कष्टही उपसायचे. रोमन माणसाला आणि माणदेशी माणसाला तीच विहीर दिसली.

शब्दांची ही शहाणीव कधी कधी विज्ञानाच्याही जवळ जाऊन उभी राहते. दिवसभर पाण्यात किंवा चिखलात उभं राहून काम केलं, की पाय 'आंबतात'. दूध आंबावं, पीठ आंबावं, तसे. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं काढलं, लॅक्टिक आम्ल. पुढे बर्झेलियस या त्याच्याच देशातल्या शास्त्रज्ञाला तेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंत सापडलं. थकव्याचा सगळा दोष आज शास्त्रज्ञ त्या आम्लावर टाकत नाहीत. तरीही आंबलेलं दूध आणि राबलेला स्नायू यांच्यात एक समान पदार्थ निघावा आणि मराठीनं दोघांना एकच क्रियापद द्यावं, हा योग मला दर वेळी नव्यानं चकित करतो.

एवढे सगळे शब्द समोर मांडून त्यांतून एक निवडायचा, हे काम ज्याच्यावर येतं त्या भाषांतरकाराचा विचार करा. प्रचलित मराठी बायबलात मत्तयाच्या अकराव्या अध्यायात कष्टी आणि भाराक्रांत हे दोन शब्द जोडीनं येतात. भाराक्रांत चपखल आहे, कारण मुळातला ग्रीक शब्दही ओझं लादण्याचाच आहे. पण कष्टी? जुन्या अर्थानं कष्टी म्हणजे कष्टानं गांजलेला. आज मात्र कष्टी म्हटलं की आपल्याला उदास चेहरा दिसतो. शब्द तोच राहिला आणि थकवा शरीरातून मनात सरकला.

हे शब्दांचं ओझं एका मराठी बाईनं अनेक वर्षं एकटीच्या हिमतीवर वाहिलं. पंडिता रमाबाई. 1858 चा जन्म, लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत. आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी तुडवलेलं, दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली. नंतर भावाबरोबर पुन्हा देशभर पायपीट. थकवा आणि तहान तिनं कोशात वाचलेली नव्हती, रस्त्यावर अनुभवलेली होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो निराधार बायकामुलींचा संसार चालवता चालवता, ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल मुळावरून उतरवायला बसली. 1922 च्या एप्रिलमध्ये ती गेली, तोवर काम हातावेगळं झालं होतं. थकव्याचे शब्द तोलण्याचा अधिकार तिच्याइतका कुणाला असेल?

आता उरला उलटा प्रश्न. थकवा जातो कसा? हिब्रूत एक शब्द आहे नेफेश. त्याचा अर्थ जीव. पण तोच शब्द गळ्यालाही लागतो, श्वासालाही. त्याच्यापासून एक क्रियापद झालं, नाफाश, म्हणजे विसावा घेऊन ताजंतवानं होणं. अक्षरशः, जीवात जीव येणं. शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट चैत्रात कावड खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांना विचारा. घाटात मध्येच ते 'दम खातात'. हा दम फारसीतून आला, आणि फारसीतही दम म्हणजे श्वास. दम लागला की माणूस थांबतो, दम खातो, आणि पुन्हा चढायला लागतो. जे गेलं होतं तेच परत येतं, श्वासाच्या वाटेनं.

किंवा पाण्याच्या वाटेनं. योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, भर दुपारी येशू चालून चालून थकतो आणि एका विहिरीच्या काठावर बसतो. ग्रीक लेखकानं त्याच्या थकव्यासाठी घाव खाण्याच्या कुळातलाच शब्द वापरला आहे. पण तो थकलेला माणूस पहिली गोष्ट काय करतो? पाणी भरायला आलेल्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. शब्द ग्रीक असला, तरी तहान जुन्या आयेफचीच आहे.

आणि इथेच आपल्या भागणे या शब्दाचं शेवटचं गुपित उघडतं. हिब्रूत थकणं आणि तहानणं एकाच शब्दात बसतं. मराठीत माणूस भागतो आणि तहानही भागते, तेही एकाच शब्दात. एक भागला की दुसरीला भागवावं लागतं. वस्तीवरच्या त्या म्हातारीनं यातलं काही वाचलेलं नसतं. ती फक्त तांब्या पुढे करते, तुम्ही घटाघटा पिता, आणि ती थांबून बघत राहते, तहान भागेपर्यंत. मग विचारते, लई दमलासा वाटतं?