दिव्यातली वेलांटी

'दिवा' टाइप करून बघा. आधी द, मग वेलांटी. पण स्क्रीनवर वेलांटी उडी मारून 'द'च्या आधी बसते. आज यात काय विशेष? पण लिनक्सवर वर्षानुवर्षं खिडक्या दाखवणारा 'एक्स' हा डिस्प्ले सर्व्हर. १९८७ सालच्या त्याच्या एक्स११ आवृत्तीला हे ठाऊकच नव्हतं. आलेली अक्षरं ओळीने मांडायची, बस्स!

एक्सवाल्यांनी एक शहाणपणा मात्र केला होता. प्रोग्रामने सर्व्हरला द्यायच्या हुकमांना नंबर असतात. १२७ पर्यंतचे मूळ कामांसाठी, १२८ ते २५५ पुढे येणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी. २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, म्हणून जुने ट्रॅक कुणी उखडले नाहीत ना? तसंच. प्रोग्राम नाव घेऊन विचारतो, 'हे आहे का?' असेल तर सर्व्हर नंबर सांगतो.

पण नव्या लाइनवर न्यायचं काय? खरी डोकेफोड इथेच. जुहूच्या एनसीएसटीने 'इंडिक्स' प्रकल्पात देवनागरी जुळवण्याचं काम एक्सच्या आतच घातलं. फायदा मोठा: जुने प्रोग्रामही मराठी दाखवणार. अडचण अशी, की प्रत्येकाकडे तोच बदललेला एक्स हवा. टिकली ती दुसरी वाट. कीथ पॅकार्डच्या 'रेंडर' एक्स्टेन्शनने सर्व्हरला फक्त गुळगुळीत आकार रंगवायला शिकवलं; वेलांटी कुठे बसवायची ते पँगो, हार्फबझ या लायब्ररी प्रोग्रामच्या बाजूला ठरवतात. मला हीच पटते. जोडाक्षरांचे नियम सुधारले तरी सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

घरी लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये 'एक्सडीपीवायइन्फो' चालवा. एक्स्टेन्शनच्या यादीत रेंडर सापडेल.