ज्वालामुखी : प्रकार, उद्रेक व रायगड किनाऱ्यावरील अवशेष

भूपृष्ठाखालील तप्त शिलारस, वायू व खडकांचे तुकडे ज्या छिद्रातून वा भेगेतून बाहेर पडतात, त्या छिद्रास वा भेगेस आणि या द्रव्यांच्या संचयाने तयार होणाऱ्या भूमिरूपास ज्वालामुखी म्हणतात. ज्वालामुखी म्हटला की, माथ्यावर मुख असलेला शंक्वाकार डोंगर नजरेसमोर येतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर असा एकही जागता डोंगर नाही. तरीही उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा बहुतेक सर्व काळा कातळ ज्वालामुखी क्रियेनेच तयार झालेला आहे. या वरकरणी विसंगतीचा उलगडा उद्रेकांचे प्रकार लक्षात घेतल्यास होतो.

उद्रेकाची कारणे : पृथ्वीच्या प्रावरणातील तप्त खडक वर सरकू लागले म्हणजे त्यांच्यावरील दाब कमी होतो व ते अंशतः वितळतात. असा शिलारस भोवतालच्या खडकांपेक्षा हलका असल्याने वर चढतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, सल्फर डाय-ऑक्साइड इ. वायू विरघळलेले असतात. पृष्ठभागाजवळ दाब घटताच हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होतात. शिलारस पातळ असेल, तर बुडबुडे सहज निसटतात व लाव्हा शांतपणे वाहतो. तो दाट असेल, तर वायू कोंडून राहतात व अखेर स्फोट होतो. दाटपणा मुख्यत्वे सिलिकेचे प्रमाण व तापमान यांवर अवलंबून असतो. बेसाल्टी शिलारसात सिलिका सु. ५० टक्के व तापमान सु. १,१००° ते १,२००° से. असते, त्यामुळे तो प्रवाही असतो. रायोलाइटी शिलारसात सिलिका सु. ७० टक्के वा अधिक असून तो कमी तप्त व अतिशय दाट असतो. वर येणाऱ्या शिलारसाचा पाण्याशी संबंध आल्यास वाफेमुळेही स्फोट होतात.

प्रकार : मुखाच्या स्वरूपानुसार उद्रेकांचे केंद्रीय व भेगी असे दोन मुख्य प्रकार होतात. केंद्रीय उद्रेकात द्रव्ये एका नळीवाटे येतात. हवाई प्रकारात पातळ लाव्हा दूरवर पसरून मंद उताराचा, ढालीसारखा ज्वालामुखी बनतो. स्ट्राँबोलीय प्रकारात थोड्या थोड्या वेळाने लहान स्फोट होतात. व्हल्कॅनीय प्रकारात घट्ट झालेल्या लाव्ह्याचे बूच उडून राखेचे काळे ढग उसळतात. प्लिनीय प्रकारात राख व वायू यांचा स्तंभ अनेक किमी. उंच जातो, इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसने पाँपेई नगर असेच गाडले. पेलीय प्रकारात तप्त राख व वायू यांचा लोंढा उतारावरून वेगाने खाली येतो; ८ मे १९०२ रोजी मार्तीनीक बेटावरील माँ पले ज्वालामुखीच्या अशा लोंढ्याने सेंट पिएर शहर काही मिनिटांत नष्ट झाले.

भेगी उद्रेकात लांबच लांब भेगांतून प्रवाही लाव्हा बाहेर पडतो व सखल भाग भरून काढीत पसरतो. यामुळे डोंगर न बनता पठार बनते. आइसलँडमधील लाकी येथे १७८३ मध्ये सु. २७ किमी. लांबीच्या भेगेतून आठ महिने उद्रेक चालू होता. लाव्ह्यापेक्षा त्यातील विषारी वायूंनी अधिक हानी केली. गुरे मेली व नंतरच्या दुष्काळात त्या देशाची सु. एकपंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

रायगड किनारा : दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखण्यात येणारे लाव्ह्याचे थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने भेगी उद्रेकांनी साचले. आज त्यांचे क्षेत्र सु. ५ लाख चौ. किमी. असून मूळचे याहून मोठे होते. एकावर एक साचलेल्या थरांची झीज पायऱ्यांसारखी होते. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. रायगड किल्ल्याच्या कड्यांत हे थर स्पष्ट दिसतात. अलिबागचा कुलाबा किल्ला व मुरूडचा जंजिरा बेसाल्टाच्या खडकांवर उभे आहेत, तर घारापुरीची लेणी बेसाल्टातच कोरलेली आहेत.

सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या परिसरापासून किनाऱ्याकडे मात्र ते पश्चिमेस कललेले आढळतात. या वाकास पनवेल वाक म्हणतात. भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा होताना जो ताण पडला, त्याच्याशी या वाकाचा संबंध जोडला जातो. त्या घडामोडीत सेशेल्सचा भूभाग भारतापासून दूर गेला. त्याच ताणाने पडलेल्या, किनाऱ्यास साधारणपणे समांतर अशा भेगांत शिलारस घुसून थिजला व भित्ती बनल्या. मुरूड परिसरात ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या कातळात अशा भित्ती दिसतात. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या काही लँप्रोफायर भित्तींत शिलारसाने वर येताना खोलवरून उचलून आणलेले खडकांचे तुकडे अडकलेले आहेत. कोणत्याही विहिरीने वा वेधन-छिद्राने गाठता न येणाऱ्या कवचाच्या खालच्या भागाचे व प्रावरणाचे हे प्रत्यक्ष नमुने असल्याने शास्त्रीय दृष्ट्या ते फार मोलाचे आहेत. खाणकामात वा बांधकामात ते नष्ट झाल्यास त्यांची भरपाई होऊ शकत नाही.

या खडकांवर स्थानिक पाणीपुरवठाही अवलंबून असतो. घट्ट बेसाल्टात पाणी फारसे मुरत नाही. ते मुख्यतः भेगा, सांधे, तसेच थरांच्या माथ्याचा कुहरी व झिजलेला भाग यांत साठते. घट्ट भित्ती भूमिजलाचा प्रवाह अडवू शकते, त्यामुळे जवळजवळच्या दोन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक पडू शकतो.

पुन्हा उद्रेकाची शक्यता : पालीजवळील उन्हेरे व महाडजवळील सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांवरून खाली जागृत ज्वालामुखी असल्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. पण ती खरी नाही. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील नैसर्गिक उष्णतेने तापून वर येते. कोयनेचा १९६७ मधील भूकंपही ज्वालामुखीजन्य नव्हता, तर लोणारचे विवर अशनीच्या आघाताने पडलेले आहे. ज्या उष्ण प्रावरण स्रोतामुळे दक्षिण ट्रॅपचे उद्रेक झाले असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेस सरकत गेला. तो स्रोत आता हिंदी महासागरातील रेयून्यों बेटाखाली, येथून ४,००० किमी.पेक्षा अधिक दूर असून तेथील पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखी वारंवार जागा होतो. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये त्याचा उद्रेक झाला व पुढेही अधूनमधून होत राहिला. रायगड किनाऱ्याखाली मात्र उद्रेकास लागणारा शिलारसाचा साठा असल्याचे कोणतेही चिन्ह नाही. येथील ज्वालामुखी क्रिया केव्हाच संपलेली असून तिचा कातळ तेवढा उरला आहे.