पहिला सप्रेसर घेताय? आधी नळीचं टोक बघा!

अमेरिकेत रायफलसाठी पहिला सप्रेसर (गोळीचा आवाज कमी करणारं नळकांडं) घेणारे थेट ब्रँडवरून भांडतात. आधी नळीच्या टोकाचे आटे बघा हो! .२२३ ला बहुधा १/२×२८, .३०८ ला ५/८×२४.

.३० कॅलिबरचा सप्रेसर .२२३ वरही चालतो; आवाज जरा जास्त, पण एकात दोन कामं. माझं मत त्यालाच. उलटं मात्र कधीच नाही.

क्विक-डिटॅच हवा असेल तर नळीच्या टोकावरचा मझल ब्रेक किंवा फ्लॅश हायडर सप्रेसरच्या माउंटच्याच जातीचा लागतो. ब्रेक सप्रेसरच्या आतल्या पहिल्या बॅफलवरचा (पडद्यावरचा) माराही थोडा झेलतो. १.३७५×२४ आट्यांचा ‘हब’ सप्रेसर असेल तर माउंट नंतर बदलता येतो.

सप्रेसरवरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. फॉर्म ४ हा सरकारी अर्ज आणि त्याची मंजुरी मात्र कायम. आणि पहिल्या गोळीआधी, रायफल रिकामी करून, अलाइनमेंट रॉड घालून सप्रेसर नळीच्या सरळ रेषेत आहे ना ते बघाच.