हेम्पची रसायनवही (६) : दोष ताणाचा की तारखेचा?

या आठवड्यात धाग्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण धागा आता पुढच्या वेळी. गेल्या हप्त्यातली ०.३ टक्के टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, कायदेशीर रेघ वाचून नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय : ‘झाडाला ताण बसला, भुरी आली, तर टीएचसी उसळून माल रेघेच्या वर जातो का?’

प्रश्न मुरलेल्या शेतकऱ्याचा आहे. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने हेम्पची लागवड खुली झाली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनाही हाच संशय होता. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी मग झाडांचे मुद्दाम हाल केले. काहींच्या मुळाशी पाणी तुंबवलं, काहींवर भुरी सोडली, काहींना जखमा केल्या, काहींवर तणनाशक मारलं, तर काहींवर इथेफॉन. छाटणीआधी पानगळीसाठी तुम्ही फवारता तेच. एवढं करूनही सीबीडी (नशा न आणणारं द्रव्य) आणि टीएचसी यांचं आपसातलं प्रमाण काही हललं नाही.

हलणार कसं? ते बियाण्यातच ठरलेलं असतं. सीबीजीए या कच्च्या मालापासून सीबीडीए (सीबीडीचं झाडातलं रूप) बनवणारं विकर जाता जाता चिमूटभर टीएचसीएही (टीएचसीचं तसंच रूप) बनवतं. सीबीडीसाठी लावतात त्या जातींत हा हिशेब साधारण पंचवीसास एक असा पडतो, थोडा इकडे-तिकडे.

मग माल रेघ ओलांडतो तो तारखेमुळे. द्राक्षात साखर चढते तसा आंबटपणा उतरतो, आणि दोन्हींचा मेळ बघून तुम्ही काढणी धरता. हेम्पमध्ये दोन्ही आकडे हातात हात घालून चढतात. फुलोरा कोवळा असताना सीबीडी ४ टक्के, तर टीएचसी ०.१६. सीबीडी साडेसातवर पोचलं की टीएचसी बरोबर ०.३. झाड काही कायदा वाचून थांबत नाही. फुलं पिकून सीबीडी १२ टक्क्यांवर गेलं की टीएचसी ०.४८. माल उत्तम, आणि बेकायदा.

फुलाजवळच्या इवल्या पानांवर भिंग धरलं तर टाचणीच्या डोक्यासारख्या राळेच्या ग्रंथी दिसतात. आधी काचेसारख्या स्वच्छ, मग दुधाळ, शेवटी तांबूस. राळेचा भर दुधाळ अवस्थेत असतो. सीबीडीवाल्याला मात्र बऱ्याचदा त्याआधीच कोयता चालवावा लागतो.

त्यात अमेरिकेतल्या तपासणीचं वेळापत्रक. सरकारी नमुना घेतला की ठरावीक दिवसांत कापणी उरकायची. आधी ही मुदत १५ दिवसांची होती, २०२१च्या नियमांनी ती ३० केली. एवढ्यात मजूर मिळवायचे, पाऊस चुकवायचा, वाळवणीची जागा शोधायची. नमुनाही शेंड्याकडच्या ५ ते ८ इंचांचा, म्हणजे राळ सर्वांत दाट असते तिथला.

इथे माझं जुनं दुखणं मांडतो. ०.३ हा आकडा १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुचवला, तो वर्गीकरणाच्या सोयीसाठी. कुठेतरी रेघ मारायला हवी म्हणून ती मारली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. नशा कितीवर चढते याच्याशी तिचा संबंध नव्हता, आणि मोजणी होती कोवळ्या, जोमदार पानांतली. पानासाठी काढलेली फूटपट्टी कायद्याने फुलाच्या शेंड्याला लावली!

तेव्हा बागायतदारसाहेब, ताणाला आणि भुरीला या गुन्ह्यातून मोकळं करा. जात पारखून घ्यायची आणि फुलोरा लागल्यापासून दर आठवड्याला नमुना तपासत राहायचं, एवढंच शेतकऱ्याच्या हातात उरतं. आणि हे नुसतं वाचण्यापुरतं बरं का. आपल्याकडे परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी १९८५चा अमली पदार्थ कायदा दारात उभा राहतो.

धाग्याच्या शेतात मात्र या राळेला कुणी विचारत नाही. नर फुलं परागकण सांडू लागली की कापणीची घाई सुरू होते, कारण त्यानंतर देठात लिग्निन भरतं आणि धागा राठ होतो. पुढच्या आठवड्यात तेच, यावेळी नक्की.