प्रयोगवही आणि बदलीचा हुकूम

संशोधकाला गप्प बसवायचे असेल, तर आपल्याकडे संशोधनावर बंदी घालावी लागत नाही; बदलीचा एक हुकूम पुरतो. डॉ. सुभाष मुखर्जी यांची कहाणी हळहळ व्यक्त करून संपवली जाते. मला ती धोरणाचा प्रश्न म्हणून वाचावीशी वाटते.

हजारीबागला १९३१ साली जन्मलेल्या मुखर्जींनी वैद्यकीय पदवीनंतर दोन डॉक्टरेट मिळवल्या : १९५८ मध्ये कोलकात्यात प्रजनन-शरीरक्रियाशास्त्रात आणि १९६७ मध्ये एडिंबऱ्यात प्रजननाच्या संप्रेरकांवर. मायदेशी परतून ते सरकारी नोकरीत शिकवत राहिले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयोगातून कोलकात्यात एक मुलगी जन्मली. ‘दुर्गा’ या नावाने ती ओळखली गेली. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

मुखर्जींची वाट मात्र स्वतंत्र होती. इंग्लंडमध्ये नैसर्गिक ऋतुचक्रातले एकच स्त्रीबीज वापरले गेले. मुखर्जींनी संप्रेरके देऊन अधिक बीजे परिपक्व केली. पण त्याच संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर गर्भधारणेला प्रतिकूल होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून तो पुढच्या एका नैसर्गिक चक्रात रोवला गेला. या कामी जादवपूर विद्यापीठातील सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेल्या बाळाची जगाने पहिली म्हणून घेतलेली नोंद १९८४ सालची, ऑस्ट्रेलियातील आहे. आज ही पद्धत जगभर रुळली आहे.

पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने दावा अविश्वसनीय ठरवला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सविस्तर शोधनिबंध तज्ज्ञांपुढे येण्याआधी बातमी बाहेर आली होती आणि कुटुंबाला प्रसिद्धी नको असल्याने पुरावा मांडण्यावर मर्यादा होत्या. तेव्हा शंका घेणे गैर नव्हते. परंतु शंकेचे उत्तर त्या विषयाच्या जाणकारांनी प्रयोगवही तपासण्यात आणि प्रयोग पुन्हा करायला वाव देण्यात असते. प्रत्यक्षात जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी मुखर्जींना नाकारण्यात आली आणि १९८१ मध्ये त्यांची बदली थेट नेत्रविज्ञान संस्थेत झाली. संप्रेरकांच्या अभ्यासकाला डोळ्यांच्या संस्थेत धाडणारा हा हुकूम सेवानियमांत चपखल बसत असेलही! १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी आपले जीवन संपवले.

या कथेचा उत्तरार्ध मुंबईशी जोडलेला आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली; डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामाला देशातील पहिलेपणाचा मान मिळाला. १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखर्जींची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. ती अभ्यासून त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले, की हा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावावरचे श्रेय त्यांनी स्वतःच दुसऱ्याच्या नावे केले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखर्जींच्या कार्याची दखल घेतली.

न्याय झाला खरा, पण तो एका सज्जन शास्त्रज्ञाच्या सचोटीवर विसंबून होता. व्यवस्था सज्जनांच्या भरवशावर चालवता येत नाही. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याने दवाखान्यांची नोंदणी आली, उपचारांवर देखरेख आली. सरकारी सेवेतील संशोधकाचा वादग्रस्त दावा कोणी आणि कसा तपासावा, हा प्रश्न मात्र त्या कायद्याच्या कक्षेतला नाही. माझ्या मते त्यासाठी चार साधे नियम हवेत : तपासणी त्याच विषयाच्या तज्ज्ञांकडे असावी, निष्कर्ष कारणांसह लेखी द्यावेत, संशोधकाला उत्तराची संधी मिळावी आणि तपासणी सुरू असताना त्याची बदली होऊ नये.

दावा खोटा निघाला, तर या नियमांनी कोणाचेच नुकसान होणार नाही. तो खरा निघाला, तर निदान तो मांडणारा माणूस ते ऐकायला हयात असेल.