तैलरंगातले लिंबू

फळांच्या छोट्या स्थिरचित्रासाठी उजेड एकाच बाजूने, शक्यतो उत्तरेच्या खिडकीतून घ्यावा. तो दिवसभर फारसा बदलत नाही. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने आधी आकार आणि सावल्या मांडतात. वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत नेतात. उलट केले तर वरचा थर आधी सुकून तडकतो.

खरी कसोटी लिंबाच्या सावलीची. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट छटा येते, म्हणून किंचित जांभळा किंवा बर्न्ट सिएना बरा. टेबलावरून परतलेल्या उजेडाची फिकट पट्टी फळाच्या बुडाशी दिसते. ती फार उजळली, की गोलाई गेलीच! चकाकीचा पांढरा ठिपका शेवटी, एकाच फटकाऱ्यात. वॉर्निश साधारण सहा महिन्यांनी.