पुस्तक भारी होतं यार!

आमच्या ऑफिसची मागच्या वर्षीची ॲन्युअल पार्टी ‘गॅट्सबी थीम’ची होती. एचआरचा मेल आला. मुलांनी बो टाय आणि सस्पेंडर्स, मुलींनी मोत्यांच्या माळा आणि केसात पीस. एरवी हिंजवडीत टी-शर्ट आणि फ्लोटर्सवर वावरणारी जनता एका रात्रीत १९२० च्या दशकातल्या न्यूयॉर्कला जाऊन पोहोचली. पार्टी सॉलिड झाली, खोटं कशाला बोला! पण अकराच्या सुमाराला मला राहवलं नाही. मी आमच्या टीम लीडला म्हणाले, ‘‘गॅट्सबीच्या अंत्यविधीला यातलं जवळजवळ कुणीच फिरकत नाही, माहितीये ना?’’

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या केकमध्ये मीठ टाकलं. ‘‘अगं, पाहिलाय मी पिक्चर. काय जबरी पार्ट्या आहेत त्यात!’’

झालं. माझ्या तोंडून ते वाक्य निघालंच. ‘‘पुस्तक भारी आहे यार!’’

हे वाक्य बोलणारा एक तरी नमुना तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या रांगेत तो सुरू होतो आणि पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंत थांबत नाही. आम्ही लोकांच्या डोक्यात जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तरी दर वेळी आमचा पोपट होतो आणि दर वेळी आम्ही तेच वाक्य बोलतो. आमचं नेमकं दुखतं तरी कुठे? या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या पावसाळ्यात मिळालं. तेही कुठल्या समीक्षकाकडून नाही, तर आमच्या बाबांकडून.

कापाकापीचं दुःख नाही

आधी एक गैरसमज दूर करू. पिक्चरवाल्यांनी पुस्तकातलं खूप काही कापलं, म्हणून आम्ही रडतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तीनशे पानं अडीच तासांत बसवायची तर कात्री लागणारच. आपलाच ‘सिंहासन’ घ्या. १९७९ साली जब्बार पटेलांनी अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या एकाच पिक्चरमध्ये बसवल्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हणजे कापाकापी किती झाली असेल, विचार करा! पण निळू फुल्यांचा दिगू टिपणीस बघून बाहेर पडलेला माणूस अस्वस्थच असतो. साधूंना जे बोचत होतं, ते आपल्यालाही बोचतं. मला एवढंच पुरतं.

आता गॅट्सबी. स्कॉट फिट्झगेराल्डची कादंबरी १९२५ सालची. तिच्यावरचा बाझ लुऱ्हमनचा थ्रीडी पिक्चर २०१३ मध्ये आला. लिओनार्डो डिकॅप्रिओ, सोबत थोडा वेळ आपला अमिताभसुद्धा! कादंबरीच्या शेवटी गॅट्सबीचे वडील येतात. साधा, गरीब, म्हातारा माणूस. त्यांच्याकडे मुलाचं लहानपणीचं एक पुस्तक असतं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर पोराने स्वतःचं टाइमटेबल लिहिलेलं असतं. सहाला उठायचं, व्यायाम करायचा, अभ्यास करायचा, पैसे साठवायचे. म्हणजे आपण एक जानेवारीला मोबाईलमध्ये करतो, अगदी तसली टू-डू लिस्ट! ते पान वाचल्यावर गॅट्सबीवर हसता येत नाही आणि त्याच्या पार्टीत नाचताही येत नाही. थिएटरमध्ये दाखवलेल्या पिक्चरमध्ये हे वडीलच नाहीत. पार्ट्या मात्र आहेत, फुल व्हॉल्यूममध्ये. मग एचआरला ही थीम सुचली, यात नवल ते काय!

बाबांचा ‘गाईड’

आता मुद्द्याचं. आमच्या बाबांचा सगळ्यात लाडका पिक्चर म्हणजे ‘गाईड’. विजय आनंद, देव आनंद, वहिदा रहमान, एसडींची गाणी, १९६५ साल. बाबांनी कॉलेजात असताना तो मॅटिनीला किती वेळा पाहिला, याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. राजूची आई झालेल्या लीला चिटणीस आपल्या मराठीच, हे ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतात.

मी पुस्तक आधी वाचलं होतं. आर. के. नारायण यांची ‘द गाईड’ १९५८ ची, साहित्य अकादमी मिळालेली. पिक्चर नंतर पाहिला आणि माझा पार मूड गेला. एक तर मालगुडीच गायब! दक्षिणेतलं ते लहानसं गाव आणि त्याचं स्टेशन सोडून कॅमेरा राजस्थानात जाऊन बसला. नारायणांनी पिक्चरवाल्यांना आधी म्हैसूरकडचा स्वतःच्या मनातला मुलूख फिरवून दाखवला होता. इंग्रजीतही एक वेगळा ‘गाईड’ निघाला, त्याच्या पटकथेला नोबेलवाल्या पर्ल बक होत्या. या सगळ्या अनुभवावर नारायणांनी ‘मिसगायडेड गाईड’ नावाचा लेख लिहिला. नावातच सगळं आलं. गंमत म्हणजे हिंदी ‘गाईड’साठी उत्कृष्ट कथेचं फिल्मफेअर त्यांनाच मिळालं!

पण जागा बदलल्याचं मी चालवून घेतलं असतं. दोन गोष्टी मात्र चालवून घेता येईनात.

पहिली, मार्को. म्हणजे रोझीचा नवरा. कादंबरीत तो दुष्ट नाही. तो कोरडा आहे. त्याला लेण्यांतली चित्रं दिसतात, बायको दिसत नाही. रोझी राजूच्या प्रेमात पडते, मग अपराधी वाटून नवऱ्याची माफी मागत त्याच्या मागेमागे फिरते. तो एक शब्द बोलत नाही आणि शेवटी तिला स्टेशनवर सोडून निघून जातो. वाचताना आपली पंचाईत होते. नक्की कुणाची बाजू घ्यायची? पिक्चरमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे रोझी गुहेत जाते आणि नवरा दुसऱ्याच मुलीबरोबर सापडतो. प्रश्न सुटला! आता तिने घर सोडलं तरी बाल्कनीतल्या काकूंची हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस. जेलमधून सुटलेल्या राजूला गावकरी साधू समजतात. दुष्काळ पडतो आणि निरोपाच्या घोळातून त्याच्या गळ्यात उपास पडतो. कादंबरीत शेवटच्या दिवशी तो कसाबसा नदीत उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि खाली कोसळतो. बस्स. पाऊस खरंच पडला, की भुकेल्या माणसाला भास झाला? राजू वाचला की गेला? नारायण सांगत नाहीत. पिक्चरमध्ये पाऊस धो धो पडतो. राजू जातो, पण संत होऊन. लोक भिजतात, नाचतात आणि थिएटरातली जनता डोळे पुसत खुशीत घरी जाते.

म्हणजे माझं दुखणं मला सापडलं होतं. कादंबरी आपल्याला अडचणीत टाकते आणि पिक्चर आपल्याला हात धरून त्या अडचणीतून बाहेर काढतो. आम्हाला त्या अडचणीतच थांबायचं असतं!

‘‘पाऊस पडायला नको होता?’’

गेल्या पावसाळ्यात बाबांचा पाय फ्रॅक्चर झाला आणि ते घरात अडकले. मी मोठ्या उत्साहात त्यांना ‘द गाईड’ आणून दिली. तीन आठवडे लावले त्यांनी. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘‘हा आमचा राजू नाही.’’

मी लगेच तलवार उपसली. मार्को, मालगुडी, पाऊस, सगळं ऐकवलं. ‘‘पाऊस पाडला तिथेच पिक्चर खोटा झाला, बाबा!’’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘दोन हजार तीन आठवतंय का तुला?’’

आठवत नव्हतं. ऐकून माहीत होतं. २००३ साली बाबांच्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा मी तिसरीत होते. त्यांनी घरी सांगितलंच नाही. दोन महिने रोज आठला डबा घेऊन निघायचे आणि सातला परत यायचे. नोकरीसाठी वणवण करायचे आणि उरलेला वेळ वाचनालयात पेपर वाचत काढायचे. आईला हे शेजारच्या काकांकडून कळलं. त्या दोन महिन्यांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. बाबा तर नाहीच नाही.

‘‘तू रोज दारात उभी राहून टाटा करायचीस,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुम्ही मला कामाला जाणारा माणूस समजत होतात, म्हणून मी सकाळी उठून दाढी करत होतो. नाहीतर उठलोच नसतो गं. त्या राजूला गाववाले साधू समजतात ना, तसंच.’’

मला काय बोलावं सुचेना. मग आपली सवय! मी म्हणाले, ‘‘पण हे तर पुस्तकातही आहे, बाबा. त्यासाठी पाऊस कशाला पडायला हवा?’’

‘‘मला लागली ना पुढे नोकरी?’’

‘‘आणि लागली नसती तर?’’

हे विचारलं आणि लगेच वाटलं, नको होतं विचारायला. बाबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘‘म्हणूनच हे मला दुसऱ्यांदा वाचवणार नाही. पिक्चर मात्र उद्या लाव, परत बघेन.’’

मग आता?

मत बदललंय का माझं? नाही. ‘द गाईड’ ही पिक्चरपेक्षा मोठी गोष्ट आहे, असं मी आजही म्हणेन. ज्या प्रश्नाने बाबा पुस्तक मिटून ठेवतात, तोच प्रश्न नारायणांनी उघडा ठेवला, ही त्यांची ताकद. पिक्चरने तो बंद केला, हीच माझी तक्रार. पण तो बंद झालेला कुणाला हवा असतो आणि का, हे मला आता माहीत आहे. ती माणसं बावळट नसतात. त्यातली काही तर आपल्यापेक्षा त्या प्रश्नाच्या जास्त जवळ राहून आलेली असतात. मला अडचणीत थांबायला आवडतं, कारण माझा पगार एक तारखेला जमा होतो.

तर आमच्या जमातीतल्या सगळ्यांना एक फुकटचा सल्ला. पुढच्या वेळी पिक्चर बघून बाहेर पडाल, तेव्हा ‘पुस्तक भारी होतं’ एवढ्यावर थांबू नका. पुस्तकाने कोणता प्रश्न सोडून दिला होता आणि पिक्चरने त्याचं काय उत्तर दिलं, ते शोधा. मग शेजारच्याला विचारा, तुला हे उत्तर का आवडलं? ऐकून घ्या. कॉफीचं बिल वाढेल, पण गप्पा झकास होतील.

टीम लीडला मी नंतर गॅट्सबीच्या वडिलांची आणि त्या टाइमटेबलची गोष्ट सांगितली. तो जरा शांत झाला आणि म्हणाला, ‘‘माझ्या बाबांनी माझं असलं एक पान अजून जपून ठेवलंय.’’ पुस्तक घेऊन गेलाय. अजून परत केलेलं नाही.

आणि बाबा? परवा विचारत होते, ‘‘या नारायणांचं अजून काही आहे का तुझ्याकडे? ‘मालगुडी डेज’ टीव्हीवर बघायचो आम्ही. तसलं काहीतरी. शेवट जरा बरा असलेलं.’’ मी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ काढून दिलंय. त्याच्या शेवटी स्वामीचा जिवलग मित्र गाडीत बसून निघून जातो आणि त्याने स्वामीला माफ केलं की नाही, हे काही कळत नाही.

ते मात्र मी बाबांना सांगितलेलं नाही.